शुद्ध तेल आणि माझा तवा

मला काय झालं होतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, शुद्ध माल बाधला. ऐकणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टेची खोड मला आहेच, आमच्या ह्यांना विचारा. पण ही गोष्ट खरी आहे. आणि ती लिहून काढतेय ती एवढ्यासाठी की आपल्या घराघरात, देवळीत नाहीतर उशाखाली, तशीच एक बाटली ठेवलेली असते.

आम्ही लातूरचे. रस्त्याला लागून ह्यांची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या भिंतीला लागून माझं भाकरी केंद्र. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. ज्वारी तिकडे दळायची, पिठाचा डबा खिडकीतून इकडे यायचा आणि मी थापायची. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं, एकटे राहणारे नोकरदार, सुना परदेशी गेलेल्या सासवा, सगळे माझ्या तव्यावर जेवले आहेत. भाकरी ही माझी कला आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. लोक म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

पिठाच्या धुरळ्यात आयुष्य गेलं की नाक काही सरळ राहत नाही. मला बारा महिने सर्दी, आणि थंडीत तर भुवयांच्या मधोमध कुणी घण मारतंय असं वाटायचं. त्यावर आमच्याकडे एकच इलाज होता, माहेरचं तेल.

आईचं तेल

माझं माहेर देगलूरचं. आई एका बाटलीत कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल घालायची. तिन्ही कोरडे पांढरे खडे. बाटली हलवत राहिलं की त्यांना घाम फुटायचा आणि बघता बघता त्यांचं पाणी व्हायचं. आम्हा बहिणींना ती जादू वाटायची. मग त्यात थोडं निलगिरीचं तेल, आणि मग हे सगळं ती तिळाच्या तेलानं भरलेल्या मोठ्या बरणीत ओतायची. अंघोळ झाली की कपाळाला विभूती आणि कानशिलांना ते तेल, हा आमचा नेम होता.

आमच्या नात्यात आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे एका हातात केळी आणि दुसऱ्या हातात तेलाची बाटली. तब्येत कशी आहे हे विचारायच्या आधीच पाहुणी उशाशी बसते आणि कपाळ चोळायला लागते. तिला नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान. त्यामुळे आमच्याकडे माणूस आजारानं पडला की तेलानं निथळतो.

आई गेली आणि तेलाचा कारभार अक्काकडे आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला देगलूरातच दिलेली आहे. सासरी कानडी चालते, म्हणून ती पुरे म्हणायचं असलं की ‘साकु’ म्हणते. पण तेल चोळताना तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकलेला नाही.

हे सगळं घडलं त्या थंडीत बिलोलीच्या वाटेवर एका शेतकऱ्यानं अर्क काढायची भट्टी टाकली होती. गवती चहाचा पाला आणि निलगिरीची पानं वाफेवर घेऊन तो तेल काढतो. अक्कानं त्याच्याकडून निलगिरीचा अर्क आणला, त्यात कापूर आणि दोन्ही फुलं विरघळवली आणि बाटली घेऊन लातूरला माझ्याकडे आली.

“शिवे, हे अस्सल हाय बघ. जरा सुदीक भेसळ न्हाई.”

“आणि तिळाचं तेल?” मी विचारलं.

“आई तिळाचं तेल कशाला घालायची? पुरवठ्याला. खाणारी तोंडं ढीगभर, बाटली एकच. आता देवाच्या दयेनं आपल्याला काय कमी हाय? तुला बिनपाण्याचं आणलंय.”

मला ते एकदम पटलं. दूध बिनपाण्याचं चांगलं, मग तेल का नाही? भेसळ नाही म्हणजे भीती नाही. मी आईच्याच मापानं ते तेल वापरायला लागले, म्हणजे तळहातभर. सकाळी कानशिलांना, दुपारी वाफाऱ्याच्या पाण्यात, आणि तव्याजवळ बसताना त्यात भिजवलेला रुमाल पदराला बांधून. असा रुमाल चटकन पेट घेतो, हेही मला सुचलं नाही. सर्दी फारच झाली तर बत्ताशावर घालून खायचं, हा अक्काचा सल्ला होता. घसा असा जळायचा की वाटायचं, वा, गुण येतोय.

लाईट गेली ते बरं झालं

एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि लाईट गेली. एरवी लाईट गेली की मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. त्या दिवसापासून सोडून दिलं. लाईट गेली म्हणून गिरणी थांबली, आणि गिरणी थांबली म्हणून माझ्या थापण्याचा आवाज बंद पडलेला ह्यांना ऐकू आला. खिडकीतून वाकून बघतात तर मी आडवी, हातपाय झटके देतायत, डोळे वर गेलेले, आणि एक हात तव्याच्या कडेला टेकलेला. त्यांनी मला ओढून बाजूला घेतलं. मनगटावर डाग राहिला आहे, बाकी काही नाही.

गल्ली गोळा झाली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल. हे म्हणाले, “कांद्यानं काय व्हतंय, हिचं तेल आणा,” आणि रुमाल भिजवून माझ्या नाकावर धरला. मला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते दवाखान्यातलं छत, आणि तव्यावरची भाकरी करपली असेल हा विचार.

लातूरच्या डॉक्टरांनी मन लावून तपासलं. डोक्याचा फोटो काढायला बोगद्यासारख्या यंत्रात घातलं, तिथे आतून असा खडखडाट की मला आमच्या गिरणीत असल्यासारखंच वाटलं. डोक्याला तारा चिकटवून मेंदूची पट्टी काढली. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, “काही औषधं चालू आहेत?” मी ताठ मानेनं सांगितलं, “काहीच न्हाई. गोळीचा मला तिटकारा हाय.”

मग ते म्हणाले, फिट येऊन गेली आहे, कारण दिसत नाही, पुन्हा येऊ शकते, गोळी सुरू करू. मी मान डोलावली. वाहन चालवायचं नाही, विहिरीच्या काठावर जायचं नाही, न्हाणीची कडी लावायची नाही, यालाही मान डोलावली. शेवटी म्हणाले, “आणि विस्तवाजवळ बसायचं नाही.”

“किती दिवस?”

“ते आत्ता नाही सांगता येणार. कदाचित कायमचंच.”

फिटला मी रडले नव्हते. तेव्हा रडले. हे बाजूला उभे होते. ते म्हणाले, “मी थापतो की.” रडता रडता मला हसू आलं, कारण ह्या माणसानं जन्मात चहासुद्धा उतू न घालवता केलेला नाही.

ह्यांच्या भाकरी

पण थापल्या त्यांनी. केंद्र बंद ठेवायचं नाही असा हट्टच धरला. मी लांब बाजेवर बसून सूचना द्यायची आणि हे घामाघूम होऊन थापायचे. पहिल्या भाकरीला तीन कोपरे होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, काका, ही भाकरी आहे की तालुक्याचा नकाशा? हे म्हणाले, “पोटात गेल्यावर समदे तालुके एकच हायत.” शिकवणीची मुलं गुणी, त्यांनी निमूट खाल्लं. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी चांगली होती म्हणून निभावलं, आणि ती मी लांबूनच सांगून ह्यांच्याकडून करून घेतली होती.

वरवर हसत होते, पण आतून मी भ्यायले होते. नात्यातली एक बाई हळूच म्हणाली की मिरगी आहे हे बाहेर बोलू नका. तिच्या आवाजानं मला आजारापेक्षा जास्त थंडी भरली. माझं काय होतंय हे मला माहीत नव्हतं, आणि तवा समोर दिसत असून हात लावता येत नव्हता. जेवायला बसलं की स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं.

अक्का धावत आली. केळी आणि बाटली. आता तर सकाळ संध्याकाळ चोळणं, वर बत्तासा. मला विश्रांती हवी म्हणून तिनं मला देगलूरला नेलं. तिथे एका दुपारी ओसरीवर बसून शेंगा फोडताना मला पुन्हा फिट आली, गोळी चालू असताना. अक्कानं नाकाला बाटलीच लावली. मग जीप करून मला नांदेडला आणलं, आणि हेही लातूरहून तिथे आले.

नांदेडचा वॉर्ड

वॉर्डातले दिवस मला वाटले तेवढे वाईट नव्हते. पहाटे सिस्टर येऊन ताप बघायच्या, मग झाडणाऱ्या मावशी खाटांखालून झाडू फिरवत सगळ्यांच्या सुनांची उलटतपासणी घ्यायच्या, मग चहावाला. शेजारच्या खाटेवर बिलोलीकडची एक आजी होती. तिला सगळ्यांचे आजार पाठ होते आणि स्वतःचा सोडून सगळ्यांवर औषध माहीत होतं. तिनंही अक्काचं तेल लावून घेतलं आणि तारीफ केली.

सकाळी डॉक्टर यायच्या आधी अक्का माझं तोंड पुसायची, वेणी घालायची आणि तेल लावायची. म्हणायची, “मॅडम येत्याल, जरा टवटवीत दिस.”

मॅडम म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिनं माझ्या डोळ्यात बॅटरी मारायला वाकून बघितलं आणि तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. ती मागे सरली.

“हा वास कशाचा आहे?”

आजी छताकडे बघायला लागली.

“फिनेलचा असंल,” हे म्हणाले.

“फिनेल मी रोज हुंगते, काका. मावशी, काय लावता तुम्ही ह्यांना?”

“काही न्हाई,” अक्का म्हणाली. “नुसतं तेल हाय.”

“हे लातूरच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?”

“त्यांनी औषध विचारलं व्हतं,” मी म्हणाले. “तेल कुठं विचारलं?”

मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. फेरीवरचा डॉक्टर बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी बाटली मागितली, बूच उघडलं आणि लगेच लावून टाकलं. यात काय काय आहे, किती लावता, पोटात घेता का, एकेक विचारलं. अक्काला वाटलं त्यांना घरी करायचं आहे. तिनं अगदी रंगून कृती सांगितली आणि शेवटी म्हणाली, “तुमाला बी करून देते की.”

मॅडम हसल्या नाहीत. सावकाश सांगायला लागल्या. कापूर आणि निलगिरी जास्त प्रमाणात अंगात गेले, नाकातून, कातडीतून नाहीतर पोटातून, तर काही माणसांच्या मेंदूला ते सोसत नाहीत आणि फिट येते. पोटात घेणं तर सगळ्यात धोक्याचं. पक्कं तेच कारण आहे असं त्या आज म्हणणार नाहीत. पण हे सगळं बंद करून बघू, गोळी सध्या चालू ठेवू, आणि बराच काळ वाट पाहू.

“म्हणजे हिला कायमची मिरगी नसंल?” ह्यांनी विचारलं.

“नसण्याची चांगली शक्यता आहे.”

मी लगेच विचारलं, “मग तव्यावर कधी बसू?”

मॅडम आता हसल्या. म्हणाल्या, आधी तेल उतरू द्या, मग तव्याचं बघू. सिस्टरांनी माझं डोकं साबणानं धुतलं, चादर बदलली, आणि बाटली पिशवीत बांधून वॉर्डाबाहेर गेली. आजीनं आपलं कपाळ गुपचूप पदरानं पुसून टाकलं.

अक्का बोलेना

आनंद व्हायला हवा होता, आणि मला झालाही. पण त्याच दुपारी हे अक्काला नको ते बोलले. म्हणाले, “तुमच्या हातानं जीव गेला असता तिचा.” हे मुळात रागीट नाहीत, इतक्या दिवसांची भीती तोंडावाटे बाहेर पडली. अक्का उठली. केळ्यांची पिशवी खाटेवर ठेवली आणि देगलूरच्या गाडीला बसली. नंतर मी फोन केला की पोरं सांगायची, आई शेतात गेली.

मला तिचा राग आला नाही. कुणाचा यावा? ती तेल आणत होती ती माझ्यावरच्या मायेनं, आणि मी लावून घेत होते तेही तिच्यावरच्या मायेनंच. आई तिळाचं तेल घालायची ते गरिबीनं की शहाणपणानं, हे आता विचारायला आई नाही. मला वाटतं दोन्ही असेल.

मग वाट बघणं सुरू झालं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फिट आली नाही. ह्यांच्या भाकरीचे कोपरे हळूहळू कमी झाले. आणि एक गंमत झाली. मी एक दिवस बाजेवर बसले होते आणि एकदम म्हणाले, “काहीतरी खमंग वास येतोय.” हे म्हणाले, भाकरीचाच आहे, दुसरा कशाचा येणार? मी पुन्हा वास घेतला. इतकी वर्षं तव्यापुढे बसले आणि माझ्या नाकात निलगिरीच भरलेली होती. माझ्याच भाकरीला असा वास येतो, हे लातुरात सगळ्यात शेवटी कळलेलं माणूस मीच असेन.

विचारणाऱ्यांना मी सांगते ते

आता लोक माझ्याकडे तेलाचं विचारायला येतात, जणू मी त्यातली पदवी घेऊन आले. मी तेलाला शिव्या देत नाही. फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे थेंब आम्ही आजही टाकतो, घर छान दरवळतं. दाढ ठणकली तर दंतवैद्याकडे जाईपर्यंत लवंग तेलाचा बोळा मीही धरते, अगदी इवलासा. गुडघ्याला चोळायचं तेल हे लावतात, पण खूप साऱ्या तिळाच्या तेलात एखाद-दोन थेंब, आणि आधी हातावर ठिपका लावून, एक दिवस आग होते का बघून. डोळे, नाक, फुटलेली कातडी यांच्या वाटेला जायचं नाही. अर्क पोटात घ्यायचा नाही, बत्ताशावर तर नाहीच.

तान्ह्या बाळाच्या नाकाला कापूर लावणाऱ्या आज्यांशी मी भांडते. पोटुशी असली, दमा असला, फिटची गोळी चालू असली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नका म्हणते. बाटलीवर नाव घाला, पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पोरानं चुकून प्यायलं तर ओकारी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि विस्तवाजवळ ती बाटली नेऊ नका, तिला पेटायला निमित्त लागत नाही. कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल, तेल काही नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांनी औषध विचारलं की तेलही सांगा, बामही सांगा, वाफाराही सांगा. हे मी न चुकता सांगते.

परवानगी

दिवाळीनंतर नांदेडला गेले. मॅडमनी त्याआधीच गोळी थोडी थोडी कमी करत आणली होती. मनानं बंद केली नाही, याची मला शाबासकीही मिळाली. पुन्हा पट्टी काढली आणि त्या म्हणाल्या, “बसा तव्यावर. पण सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवं, गॅस बंद करता येईल असं.”

बाहेर येऊन हे म्हणाले, “मी हाय की.” मी म्हणाले, “तुम्ही गिरणी बघा.” आणि अक्काच्या पोराला फोन लावून सांगितलं, आईला म्हणावं शेतातून घरी ये, मावशीचा तवा पेटवायचाय आणि तिच्याशिवाय पेटणार नाही.

ती आली. दारात उभी राहिली. एका हातात केळी होती, दुसरा हात रिकामा. मी तो रिकामा हात इतका बघितला की तिनं तो पदराखाली घेतला. हे पुढे झाले, तिच्या पाया पडले आणि म्हणाले, “अक्का, मी येड्यासारखा बोललो.” ती म्हणाली, “साकु. भाकरी करू द्या तिला.”

ती गॅसच्या बटणाला खेटून बसली. ह्यांनी गिरणी बंद ठेवली होती, दळणाची रांग लागली तरी खिडकीतून हलले नाहीत. मी पीठ मळलं, थापलं, पाणी लावलं. हात विसरला असेल अशी भीती होती. विसरला नव्हता. पहिली भाकरी टम्म फुगली आणि मला रडू आलं, त्याची मला लाज वाटली नाही.

दुसरी टाकली तेव्हा अक्कानं विचारलं, “कपाळ दुखतंय का गं?”

“थोडं दुखतंय.” सर्दी काही कुठे गेली नव्हती.

तिचा हात सवयीनं वर आला आणि मध्येच थांबला. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला आणि माझ्या कपाळावर ठेवला. कोरडा, खरबरीत, शेतातला हात. हळूहळू तिची बोटं चालायला लागली, भुवयांच्या मधोमध, मग कानशिलांना, अगदी आई चोळायची तशी.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “साकु?”

“न्हाई. अजून दाब.”

दोघींनी डोळे मिटले होते. तव्यावरची भाकरी करपायला लागली, आणि तिचा वास सगळ्यांच्या आधी मला आला. मी डोळे उघडले आणि ती उलथली.